पहिली घागर

१

मेलेल्या माणसाला खोटं ठरवायला तामलवाडीत जेमतेम वीस मिनिटं लागली. चार अधिकारी शाळेच्या अंगणात खुर्च्या टाकून बसले, योगीराज मास्तरांच्या निळ्या पिंपातून पाणी काढलं, दोन बाटल्या भरल्या, चहा घेतला आणि गाडीत बसून निघून गेले. पाच दिवसांनी कागद आला. विहिरीच्या पाण्यात शिसं अठ्ठेचाळीस, पिंपातून गाळून निघालेल्या पाण्यात सत्तेचाळीस. दहाच्या वर गेलं की ते पाणी पिऊ नये, असा नियम.

मास्तरांच्या वहीत मात्र पिंपातून निघालेल्या पाण्यापुढं दोन वर्षं दर महिन्याला लिहिलेलं होतं, 'बाहेर: चार', 'बाहेर: पाच'. वही खरी की कागद खरा, हे सांगायला मास्तर नव्हते. झोपेतच गेले, त्याला तीन आठवडे झाले होते. गावानं मग आपला निकाल लावून टाकला. वहीत आकडे भरायला काय, शाई असली की झालं.

ती वही आता तुळजापुरात, महालिंगप्पांच्या मांडीवर होती.

महालिंगप्पा चाळीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. म्हणजे बाटल्या धुणारे, द्रावणं करून ठेवणारे, आणि प्राध्यापकांच्या आधी ज्यांना वासावरून आम्ल ओळखू येतं असे. निवृत्त झाले, बायको नागम्मा गेली, मुलगा पुण्याला. देवळामागच्या गल्लीत त्यांची एक खोली होती. गल्लीत दिवसभर भाविकांची झुंबड, दर अर्ध्या तासाला नवी माणसं, आणि त्यातलं एकही ओळखीचं नाही. खोलीतल्या प्रत्येक डब्यावर त्यांनी प्रयोगशाळेसारखी चिठ्ठी लावली होती. 'साखर'. 'मीठ'. 'शेंगदाण्याची चटणी, दि. ९'. चिठ्ठ्या वाचणारं घरात दुसरं कोणी नव्हतं, पण सवय ती सवय.

"काका, बाबा खोटं लिहितील?" समोर बसलेल्या अर्पितानं विचारलं. मास्तरांची ती एकुलती मुलगी, पुण्याहून आलेली. "सोमवारी पिंप काढून टाकायचं ठरवलंय शाळेनं. पोरं परत विहिरीचं पाणी पिणार. आणि गाव म्हणतंय, मास्तरनं दोन वर्षं पोरांना फसवलं."

महालिंगप्पांनी वही मिटली. पिंप बघायला ये म्हणून मास्तरांनी त्यांना चार वेळा फोन केला होता. चारही वेळा ते 'येतो' म्हणाले होते. तामलवाडी तासाभराच्या वाटेवर आहे. का गेलो नाही, याचं उत्तर त्यांना स्वतःलाही देता येत नव्हतं. एकटं राहायची सवय झाली की माणूस सोबतीलाही घाबरायला लागतो, हे खरं. पण ते मित्राच्या लेकीला कसं सांगायचं?

"सोमवार म्हणजे चार दिवस," ते म्हणाले. "वही राहू दे माझ्याकडे."

ती गेल्यावर त्यांनी पान न् पान पाहिलं. प्रत्येक पानावर तारीख, आतलं शिसं, बाहेरचं शिसं, आणि डिंकानं चिकटवलेले सुताचे दोन धागे. एक पिंपात भरायच्या नव्या लडीचा, एक महिनाभर वापरलेल्या लडीचा. नवा धागा मळकट विटकरी, वापरलेला काळपट जांभळा. चोवीस पानं अशीच. पंचविसाव्या पानावर मास्तरांनी तारीख आधीच घालून ठेवली होती, अधिकारी येणार त्या दिवसाची. खाली डिंकाचा ठिपका वाळून गेला होता. धागा नव्हता.

नवी लडी हातात आली की मास्तर त्याच दिवशी धागा चिकटवत. म्हणजे त्या दिवशी पिंपात घातलेल्या लड्या मास्तरांच्या हातात कधी आल्याच नव्हत्या.

२

शाळेत पोचले तेव्हा दुपारची सुट्टी झाली होती. पिंप कडुलिंबाखाली उभं होतं. त्याच्या शेजारी ओट्यावर एक म्हातारी बाई एकटीच बसली होती. कपाळ मोकळं, हात मात्र मेंदी लावल्यासारखे लाल. या वयात कुणाच्या लग्नाला जाऊन आली असेल, असं महालिंगप्पांच्या मनात आलं आणि तिथंच राहिलं. बाई उठून निघून गेली.

चार वर्षांपूर्वीपर्यंत गावाच्या वरच्या अंगाला एक शेड होतं. तिथं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत. शेड बंद पडलं, मालक परागंदा झाला, शिसं तेवढं विहिरीत मागं राहिलं. मास्तरांनी त्यावर उपाय काढला तो मंजिष्ठेचा. मंजिष्ठा म्हणजे एका वेलीचं लाल मूळ. त्याच्या रंगात सूत बुडवायचं, ते सूत पिंपात भरायचं आणि वरून विहिरीचं पाणी सोडायचं. पाणी खाली येईपर्यंत शिसं सुतावर अडकून राहतं, असं मास्तरांचं म्हणणं होतं.

शाळा समितीत असलेला रणधीर पाण्याचे जार विकायचा. त्याचा प्लांट शाळेच्या समोरच. पिंप बंद पडलं तर कुणाचं भलं होणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती, आणि तेही त्याला ठाऊक होतं.

"तुमीबी माझ्यावरच संशय घेणार, अप्पा," तो खुर्ची पुढं सरकवत म्हणाला. "घ्या. सगळं गाव घेतंय. पण पिंपाला म्या बोटसुद्धा लावलं न्हाय. सकाळी आलो तर नळाला पिशवी अडकवलेली. आत नव्या लड्या. मास्तरनं करून ठिवल्या असतील म्हणलं, आन् हेडमास्तरांच्या देखत भरल्या."

"पिशवी कुणी आणली?"

"कुणाला ठावं. मास्तर गेलेला, पन त्याचं काम वेळेवर हजर. मला तर जरा कसंतरीच झालं."

"त्या दिवशी काही वेगळं दिसलं?"

रणधीरनं डोकं खाजवलं. "वेगळं म्हंजे चांगलंच की. एरवी लड्या बदलल्या की पहिली घागर लालभडक निघायची. मास्तर ती ओतून द्यायला लावायचा. पोरं लई हसायची त्याला, मास्तरचा रंग जातोय म्हणून. त्या दिवशी पहिलीच घागर काचेवानी निघाली. साहेब लोक खूश. मला वाटलं, मेल्यावर का हुईना, मास्तरला रंग जमला."

महालिंगप्पा उठता उठता परत बसले. चोवीस वेळा गेलेला रंग पंचविसाव्या वेळी गेला नव्हता.

३

तपासणी झाली ती तुळजापूरच्याच कॉलेजात, मल्लेशच्या यंत्रावर. मल्लेश एके काळी महालिंगप्पांच्या हाताखाली बाटल्या फोडायला शिकला होता. आता त्याच्या टेबलावर त्याच्या नावाची पाटी होती. त्याचं आणि मास्तरांचं वाजलं होतं, हे अर्पितानं सांगितलं होतं.

"वाजलं, खरं आहे," मल्लेश म्हणाला. "मी म्हटलं, घरी पट्टी बुडवून काढलेले आकडे कोण मानणार? माझ्या यंत्रावर तपासू, निबंध दोघांच्या नावानं छापू. मास्तर म्हणाले, काम माझं आणि नाव तुझं कशाला? त्यानंतर बोलणं नाही. पण अप्पा, रागापोटी आकडा बदलायला मी काय वेडा आहे? बाटल्या अजून ठेवल्यात. हव्या तर तुमच्या समोर परत लावतो."

त्यानं लावल्या. सत्तेचाळीस. आकडा खरा होता आणि मल्लेशही खरं बोलत होता.

"मास्तर म्हणायचे तसं सूत शिसं धरतं तरी का?" महालिंगप्पांनी विचारलं.

"धरायला हवं. मंजिष्ठेच्या रंगाला धातू धरायची खोडच आहे. मास्तरांनी मला इथंच, या फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं. प्रत्येक कणाला जणू हात असतात. जवळ आलेला धातू धरतो आणि सोडत नाही. फक्त हात मोजके. एकदा भरले की भरले, पुढच्याला जागा नाही." मल्लेशनं खणातून एक पाकीट काढलं. "त्या दिवशी साहेबांबरोबर मीही गेलो होतो, पिंपातल्या लडीचा तुकडा तोडून आणला होता. सुंदर आहे, नाही?"

धागा खरोखर सुंदर होता, नव्या नवरीच्या शालूसारखा लाल. शिशाचं पाणी अंगावरून जाऊनही त्याचा रंग जराही काळवंडला नव्हता. महालिंगप्पांनी वही उघडून मास्तरांचा मळकट विटकरी धागा शेजारी धरला. मूळ तेच, सूत तेच, रंग मात्र वेगळे.

मग त्यांनी एक गोष्ट केली. हीच गोष्ट केल्याबद्दल चाळीस वर्षं त्यांनी मुलांना रागे भरलं होतं. धाग्याचं टोक जिभेला लावलं आणि लगेच थुंकून टाकलं.

"अप्पा, विष आहे ते," मल्लेश म्हणाला.

"विष नाही," महालिंगप्पा तोंड धूत म्हणाले. जिभेचा शेंडा अजून आखडलेला होता. "ही न्हाव्याच्या पेटीतली तुरटी आहे."

४

तुरटी. गढूळ पाणी निवळायची, दाढीनंतर गालाला लावायची, दृष्ट काढून विस्तवावर टाकायची. घराघरात असते. ती विषारी नाही आणि महागही नाही. तिनं मास्तरांचा जन्माचा शब्द कसा काय बुडवला?

बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून महालिंगप्पांनी ते जुळवलं. तुरटीतही धातूच असतो, ॲल्युमिनियम. सूत आधी तुरटीच्या पाण्यात बुडवून मग रंगात घातलं, तर रंग त्या धातूला घट्ट धरतो. म्हणून तो झळकतो आणि म्हणूनच धुतला तरी जात नाही. पण मग त्याचे हात भरलेले असतात. शिसं शेजारून निघून जातं आणि रंग त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. मास्तरांना रंग कच्चा हवा होता, मुद्दाम, मोकळ्या हातांचा. पहिली घागर लाल निघायची ती त्याचमुळं.

म्हणजे कुणीतरी लड्या पक्क्या रंगवून ठेवल्या होत्या. वैरापोटी? पण वैऱ्याला एवढं रसायनशास्त्र ठाऊक असतं तर त्यानं एवढा देखणा रंग का काढला असता? त्याला नुसत्या लड्या चोरून भागलं असतं.

मास्तरांच्या घरात अर्पितानं दिवे लावले. महालिंगप्पांनी मोरी पाहिली, परस पाहिलं, माळ्यावर हात फिरवला. लाल डागाचं एकही भांडं नाही. चुलवण नाही, रांजण नाही, मंजिष्ठेचं मूळ कुटायला खलबत्तासुद्धा नाही.

"बाबा रंगवायचे कुठं?"

"बाबा?" अर्पिता पहिल्यांदाच किंचित हसली. "काका, बाबांना चहा करता येत नव्हता. आई गेल्यावर मीच गॅस पेटवायला शिकवलं."

महालिंगप्पांना मास्तरांचे हात आठवले. पांढऱ्या बाह्या, खडूचा वास आणि स्वच्छ नखं. मंजिष्ठेचा रंग नखांत बसला की महिना महिना निघत नाही. त्यांनी वही पुन्हा उघडली. प्रत्येक पानावर एक ओळ होती आणि ती त्यांनी आजवर वाचूनही वाचली नव्हती. 'रंगकाम: नेहमीप्रमाणे.' चोवीस पानांवर चोवीसदा. नेहमीप्रमाणे म्हणजे काय, ते लिहिलं नव्हतं. कुणी केलं, तेही नाही.

चाळीस वर्षं प्राध्यापकांच्या निबंधात 'द्रावण तयार केले' असं छापून यायचं. जणू द्रावण आपणहून तयार व्हायचं. मित्राच्या वहीत तेच वाक्य दुसऱ्या वेषात भेटल्यावर त्यांना मित्राचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येणं फार वाईट, कारण तो कुणावर काढता येत नाही.

आणि मग त्यांना कडुलिंबाखालचे लाल हात आठवले.

"अर्पिता, इथं रंगारी कोण आहे?"

"आता कुणी नाही. पूर्वी होते म्हणतात. शांताक्का आहेत फक्त. वरच्या आळीला. एकट्याच असतात."

५

दार उघडंच होतं. अंगणात पाच रांजण पालथे घातलेले होते, सहावा तेवढा उभा. शांताक्का चुलीपाशी बसल्या होत्या.

"बर्री अप्पा," त्या कानडीतच 'या' म्हणाल्या आणि पाट सरकवला. "शाळंत बघितलं म्या तुमाला. मास्तरांचे दोस्त ना तुमी? लई नाव घ्यायचे तुमचं. येतो म्हणलाय, येतो म्हणलाय, असं दोन वर्सं सांगत हुते."

महालिंगप्पांना मान वर करता आली नाही.

"अक्का, लड्या तुम्ही रंगवत होता?"

"व्हय. आमच्या घरात सात पिढ्यांचा रंग. गिरणीचं कापड आलं, गिऱ्हाईक गेलं, रांजण पालथं पडलं. मग दोन वर्सांमागं मास्तर आले. म्हणले, अक्का, सूत रंगवायचं हाय. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी यायचे. लडी घ्यायचे, चहा प्यायचे, जायचे. महिन्यातनं तेवढीच एकदा माझ्या दाराची कडी वाजायची." त्यांनी पदरानं चुलीतला धूर बाजूला केला. "ह्या मंगळवारी न्हाय वाजली."

"मास्तर तुरटी घालू नका म्हणायचे ना?"

"म्हणायचे. का नको ते सांगितलं न्हाय, म्या इचारलं न्हाय. त्यांचं काम, त्यांची मर्जी. पन अप्पा, कच्चा रंग म्हंजे अर्धं काम. पहिली घागर लाल निघायची आन् पोरं हसायची. म्या तिथं ओट्यावर बसून ऐकायची. रंगाऱ्याच्या पोटी जन्मले म्या. माझा रंग जातो म्हणजे माझं नाक कापल्यागत. तरी बोलले न्हाय कधी." त्यांचा आवाज खाली गेला. "मग मास्तर गेले. साहेब लोक येणार म्हणून कळलं. म्हणलं, शेवटच्या कामाला तरी कुणी हसू नये. चार दिस तुरटीच्या पाण्यात भिजवल्या, सावलीत वाळवल्या, मग रंग चढवला. तसा रंग म्या उभ्या जन्मात काढला न्हवता. पहाटं जाऊन नळाला अडकवून आले. पहिली घागर कशी निघाली, ऐकलं ना तुमी? काचंवानी."

गुन्हेगार सापडला होता आणि तो असा होता. आता काय बोलायचं? खरं सांगितलं तर या बाईच्या उभ्या जन्मातल्या सगळ्यांत चांगल्या रंगाला चूक म्हणावं लागणार होतं. नाही सांगितलं तर सोमवारी पिंप जाणार आणि मास्तर कायमचे खोटे ठरणार.

"अप्पा," शांताक्का म्हणाल्या, "तुरटीनं बिघडलं का?"

रंगाऱ्याला रंगाबद्दल फसवता येत नाही. त्यांनी सांगितलं. मास्तरांनी फळ्यावर काढलं होतं तेच, चित्राशिवाय, साध्या शब्दांत. रंगाला धातू धरायची खोड, मोजके हात, तुरटीनं ते आधीच भरले.

शांताक्कांनी आपले लाल तळवे पालथे केले, उलथे केले, बराच वेळ पाहिले. "येवढं एक वाक्य हुतं," त्या म्हणाल्या. "चहा प्यायला येळ हुता. येवढं एक वाक्य सांगितलं असतं तर."

त्या रडल्या नाहीत. महालिंगप्पांच्याच डोळ्यांत पाणी आलं.

"मी सांगतो, लड्या मी भरल्या होत्या, तुरटी माझ्याकडून पडली," ते म्हणाले. "मी बाहेरचा माणूस. मला कोण काय म्हणणार?"

"न्हाय." शब्द चुलीतल्या लाकडासारखा तडकला. "मास्तरांच्या वहीत माझं नाव हाय का?"

"नाही."

"दोन वर्सं चांगलं रंगवलं तवा न्हाय. आता चूक झाली, तर तीबी दुसऱ्याच्या नावावर? माझ्या हाताची चूक माझीच राहू द्या. तेवढं तरी लिवा."

६

शनिवारी शांताक्कांनी सूत रंगवलं, तुरटीविना. रविवारी मल्लेश आपणहून आला, सुट्टीच्या दिवशी कॉलेजची किल्ली मागून. रणधीरनं आपल्या प्लांटचा पंप काढून विहिरीवर लावून दिला. लोकांचा संशय अंगावर आला की माणूस असंही करतो.

पहिली घागर लालभडक निघाली. कडुलिंबाखाली जमलेल्यांत कुणीतरी हसलं.

"हसा," शांताक्का शांतपणे म्हणाल्या. "रंगाचा हात मोकळा हाय, म्हणून जातोय."

संध्याकाळी मल्लेशचा फोन आला. आत अठ्ठेचाळीस, बाहेर पाच. अर्पितानं आकडा दोनदा विचारला, मग फोन ठेवून बापाच्या रिकाम्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली. सोमवारी पिंप हललं नाही.

महालिंगप्पा वही घेऊन वरच्या आळीला गेले. प्रयोगशाळेतल्या सुवाच्य अक्षरात त्यांनी 'नेहमीप्रमाणे' चोवीस वेळा खोडलं आणि चोवीस वेळा 'शांताक्का' लिहिलं. पंचविसाव्या पानावर डिंकाच्या वाळलेल्या ठिपक्यावर तो देखणा लाल धागा चिकटवला आणि खाली लिहिलं, 'रंगकाम: शांताक्का. तुरटी घातली. का घालायची नाही, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.' मित्राची चूक मित्राच्याच वहीत लिहिली. सव्विसावं पान त्यांनी कोरं ठेवलं.

"कुठं हाय माझं नाव?" शांताक्कांनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

महालिंगप्पांनी त्यांचं बोट धरून अक्षरांवर ठेवलं. शांताक्का तसंच बोट फिरवत राहिल्या, एक पान, दुसरं पान, शेवटपर्यंत. लाल धाग्यापाशी बोट थांबलं.

"रंग मात्र झ्याक निघाला हुता," त्या म्हणाल्या.

"तसा मी पाहिला नव्हता," महालिंगप्पा म्हणाले, आणि ते खरं होतं.

"पुढल्या महिन्याला सव्विसाव्या पानाला धागा लागंल. मास्तर तर न्हाईत. वही घेऊन कोण येणार?" हे त्यांनी चुलीकडे बघत विचारलं.

येतो, असं महालिंगप्पांच्या तोंडावर आलं होतं. चार वेळा वापरून खोटा झालेला तो शब्द त्यांनी गिळला. "किती वाजता?" त्यांनी विचारलं.

शेवटच्या बसनं ते तुळजापूरला परतले. गल्लीत आज सोलापूरकडच्या भाविकांची गर्दी होती, आणि त्यात ओळखीचं कोणी नव्हतं. खोलीत येऊन त्यांनी खणातून एक चिठ्ठी काढली, लिहिली आणि दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या वर चिकटवली. 'पहिला मंगळवार, सकाळी दहा, तामलवाडी.' मग दोन पावलं मागं सरून ती सरळ लागली आहे का, ते त्यांनी पाहिलं.